दोन ठोक्यांमधली जागा : युगांडाची संगीतपरंपरा आणि आजची रचना

– विशेष प्रतिनिधी

आफ्रिकी संगीताचा आधुनिक रचनेत वापर ही आता नवलाची बाब राहिलेली नाही. ढोलाचा एखादा तुकडा, लाकडी पट्ट्यांचा खणखणाट आणि समूहस्वर एवढ्यावर 'आफ्रिकी रंग' चढवला जातो. युगांडात मात्र गेली सात-आठ दशके याहून वेगळे काम चालले आहे. परंपरेतील वादकांजवळ बसून त्यांची विद्या शिकायची, ती नोंदवायची, तिचे नियम समजून घ्यायचे आणि मगच नव्या रचनेला हात घालायचा, अशी ही पद्धत आहे. राजवाडा उद्ध्वस्त होऊन दरबारी वाद्यवृंद विखुरले त्या देशात या कामाचे महत्त्व केवळ कलेपुरते उरत नाही. कित्येक गती आणि वादनप्रकार आज ऐकायला मिळतात ते अशा कामामुळेच. या प्रवासाचा हा आढावा.

बारा पट्ट्या, तीन वादक

युगांडाचे संगीत एकजिनसी नाही. दक्षिणेला व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी बुगांडाचे जुने राज्य, नाईलच्या पूर्वेला बुसोगा, पश्चिमेला बुन्योरो आणि टोरो, उत्तरेला अचोली, लांगो व माडी असे अनेक समाज या देशात नांदतात. प्रत्येकाची वाद्ये, नृत्ये आणि गायनाची रीत निराळी आहे. त्यांपैकी बुगांडाच्या दरबारी संगीताचा अभ्यास सर्वाधिक झाला असून नव्या रचनाकारांनीही त्याचाच आधार सर्वाधिक घेतला आहे. म्हणून सुरुवात तेथूनच करणे सोयीचे.

अमादिंडा हे बुगांडाचे प्रसिद्ध वाद्य. केळीच्या दोन सोटांवर आडव्या मांडलेल्या बारा लाकडी पट्ट्या असे त्याचे साधे रूप. पट्ट्या लुसाम्ब्या नावाच्या झाडाच्या लाकडाच्या असतात आणि त्या सरकू नयेत म्हणून मध्ये काड्या खोचतात. वादक तीन. पहिला, म्हणजे ओमुनाझी, समान अंतराने ठोके देत एक स्वरावली वाजवतो. समोर बसलेला ओम्वावुझी आपली स्वरावली तितक्याच समान अंतराने वाजवतो, पण त्याचा प्रत्येक ठोका पहिल्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये पडतो. एकाच उखळात दोघी जणी आळीपाळीने मुसळ घालतात आणि एकीचे मुसळ वर जाताच दुसरीचे खाली येते, तशी ही गुंफण. दोघांचे मिळून मिनिटाला पाचशेहून अधिक ठोके पडतात. एकट्या माणसाला ही गती साधणे जवळजवळ अशक्यच.

तिसऱ्या वादकाचे, ओमुकोनेझीचे, काम वरकरणी सोपे दिसते. त्याच्याकडे सर्वांत उंच स्वराच्या दोनच पट्ट्या असतात. पण दोघांच्या गुंफणीतून सर्वांत खालच्या दोन पट्ट्यांवर जो आकृतिबंध आपोआप तयार होतो, तो कानाने टिपून त्याला वरच्या पट्ट्यांवर उमटवायचा असतो. हा आकृतिबंध पहिल्याने वाजवलेला नसतो आणि दुसऱ्यानेही नाही. दोघांच्या एकत्र येण्यातून तो निर्माण होतो आणि तिसरा त्याला उघड करतो.

स्वरव्यवस्थाही लक्षात घेण्याजोगी आहे. एका सप्तकात स्वर पाचच. मराठी रसिकाला पाच स्वर म्हटले की भूप आठवेल, परंतु भुपात काही स्वरांमधले अंतर कमी तर काहींमधले जास्त असते. किगांडा पद्धतीत सप्तकाचे पाच भाग जवळजवळ सारखे असतात. हे स्वर पियानोवर सापडत नाहीत. पेटीच्या पट्ट्यांत गळ्यातील श्रुती बसत नाहीत, ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे. युगांडातील रचनाकाराला तीच अडचण पाश्चात्त्य वाद्यांसाठी लिहिताना पावलोपावली येते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. बुगांडात वाद्यावर वाजणारी जवळजवळ प्रत्येक गत मुळात गाणे असते. लुगांडा भाषेत अक्षराच्या चढ-उतारावर शब्दाचा अर्थ अवलंबून असतो आणि चाल त्या चढ-उताराला धरून चालते. त्यामुळे लाकडी पट्ट्यांच्या गुंफणीतून एखादी स्वराकृती वर आली की जाणत्या श्रोत्याला त्यात शब्द ऐकू येतात. वाद्य बोलते असे आपण अलंकाराने म्हणतो. तेथे ते बरेचसे शब्दशः खरे आहे.

राजवाडा आणि २४ मे १९६६

बुगांडाच्या राजाला 'कबाका' म्हणतात. कंपालातील मेंगो येथील त्याच्या राजवाड्यात वाद्यवृंद अनेक होते. बावीस पट्ट्यांचा आणि सहा वादकांचा अकादिंडा, स्वरात लावलेल्या ढोलांचा एन्टेंगा, बासऱ्यांचा ताफा, भोपळ्याच्या तुताऱ्यांचा ताफा असे त्यांचे प्रकार. एन्टेंगामध्ये बारा ढोल चढत्या स्वरांत लावलेले असत आणि ते चौघे वाजवत. आणखी तीन ढोलांवर दोघे साथ करत. अमादिंडावरची गत ढोलांवर वाजवणे ही या वृंदाची खासियत. वादकांना सेवेच्या मोबदल्यात जमीन मिळे आणि ठरलेल्या पाळीने ते राजवाड्यात हजेरी लावत. विद्या घराण्यात आणि गावात राही. आपल्याकडील इनामदार कलावंतांची व्यवस्था ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

या व्यवस्थेचा अंत अचानक झाला. युगांडा १९६२ साली स्वतंत्र झाला. १९६३ मध्ये कबाका दुसरा मुतेसा देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला, तर मिल्टन ओबोटे पंतप्रधान होते. दोघांतील सत्तासंघर्ष विकोपाला गेला आणि २४ मे १९६६ रोजी इदी अमीन याच्या नेतृत्वाखाली सैन्याने राजवाड्यावर हल्ला केला. मुतेसा निसटून ब्रिटनला गेला आणि १९६९ साली लंडनमध्ये वारला. राजवाड्यातील वाद्ये नष्ट झाली आणि वादक जीव वाचवून पांगले. १९६७ च्या राज्यघटनेने देशातील राजेशाह्याच रद्द केल्या. ज्यांचे वाजवणे हीच ज्यांची नोकरी होती, त्यांना दीड वर्षाच्या आत ना वाद्य उरले, ना राजा, ना जमिनीचा आधार.

१९७१ मध्ये अमीनने सत्ता बळकावली. ऑगस्ट १९७२ मध्ये त्याने आशियाई वंशाच्या लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. कंपाला आणि एन्टेबी येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली अनेक गोमंतकीय कुटुंबे त्यात उखडली गेली. अमीनची राजवट १९७९ पर्यंत चालली. या काळात अनेक विद्वान आणि कलावंत देशोधडीला लागले. गायक-वादक जेफ्री ओर्येमा १९७७ साली देशाबाहेर पडला आणि पुढे फ्रान्समध्ये स्थायिक झाला. ब्रायन ईनो याने निर्मिती केलेला त्याचा १९९० चा पहिला संग्रह 'एक्झाइल', म्हणजे निर्वासन, याच नावाने निघाला.

राजेशाही १९९३ मध्ये सांस्कृतिक स्वरूपात परत आली. ३१ जुलै १९९३ रोजी दुसरा मुतेबी याचा राज्याभिषेक झाला. परंतु मधल्या सत्तावीस वर्षांत बरेच वादक मरण पावले होते आणि नवी पिढी शिकलेली नव्हती. सिंहासन परत मिळाले तरी त्यासमोर वाजणारा एन्टेंगा सहजासहजी परत येण्यासारखा नव्हता.

ऐकणारे, नोंदवणारे, शिकणारे

ही विद्या पूर्णपणे लुप्त झाली नाही, याचे श्रेय हल्ल्याच्या आधीच सुरू झालेल्या नोंदींना द्यावे लागते.

क्लाउस वाक्समान हा बर्लिनमध्ये जन्मलेला संगीतज्ञ. ज्यू वंशामुळे नाझी जर्मनीतून बाहेर पडावे लागल्यावर १९३७ साली तो युगांडात आला. १९४८ पासून १९५७ पर्यंत तो कंपालातील युगांडा म्युझियमचा क्युरेटर होता. देशाच्या कानाकोपऱ्यात हिंडून त्याने शेकडो ध्वनिमुद्रणे केली. वाद्यांची मापे घेतली आणि स्वरांची अंतरेही मोजली. त्याच सुमारास, १९५० आणि १९५२ मध्ये, ह्यू ट्रेसी याने राजवाड्यातील वाद्यवृंदांचे ध्वनिमुद्रण केले. ट्रेसीने पुढे १९५४ साली स्थापन केलेल्या दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकी संगीत ग्रंथालयात हा ठेवा आहे. मुतेसाच्या दरबारात एन्टेंगा कसा वाजे, हे आजच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष ऐकता येते ते या मुद्रणांमुळे.

मात्र नोंदवणारे केवळ परदेशी होते असे मानणे चुकीचे ठरेल. जोसेफ क्यागाम्बिद्वा या युगांडाच्या संगीतकाराने १९५५ साली 'आफ्रिकन म्युझिक फ्रॉम द सोर्स ऑफ द नाईल' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याच समाजाच्या गती, वाद्ये आणि नियम यांची त्याने स्वतः लेखी मांडणी केली आणि त्याच सामग्रीतून नव्या रचनाही केल्या. संशोधक आणि रचनाकार या दोन भूमिका एकाच व्यक्तीत एकत्र येण्याचे युगांडातील हे सुरुवातीचे ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

एव्हारिस्टो मुयिंडा हे दुसरे नाव. दरबारी वादक असलेला मुयिंडा युगांडा म्युझियममध्ये वाद्ये वाजवून दाखवत असे आणि येणाऱ्यांना शिकवतही असे. दरबारात एरवी आपापल्या स्वतंत्र ताफ्यात वाजणारी वाद्ये एकत्र आणून त्याने 'किगांडा ऑर्केस्ट्रा' उभा केला. स्वातंत्र्यानंतर स्थापन झालेल्या 'हार्टबीट ऑफ आफ्रिका' या राष्ट्रीय कलापथकातही त्याचे स्थान प्रमुख होते. परंपरेचे वादक जुने तसेच्या तसे जपत बसतात आणि नवे घडवतात ते शिकलेले रचनाकार, हा समज मुयिंडाच्या उदाहरणाने खोटा ठरतो.

ऑस्ट्रियाचा तरुण संशोधक गेरहार्ड कुबिक १९५९ च्या अखेरीस मुयिंडाकडे शिकायला आला. त्याने अमादिंडा स्वतः वाजवायला घेतला आणि वाजवता वाजवता त्याच्या लक्षात आले की आपण जे वाजवतो आणि आपल्याला जे ऐकू येते ते एक नाही. वेगाने पडणाऱ्या ठोक्यांतील जवळजवळच्या उंचीचे स्वर कान आपोआप एकत्र बांधतो आणि कोणीही न वाजवलेल्या स्वराकृती ऐकू येऊ लागतात. १९६० आणि १९६२ च्या लेखांत त्याने हे तत्त्व मांडले. अमेरिकी संशोधक मँटल हूड याने १९६० मध्येच असा आग्रह धरला होता की परक्या संगीताचा अभ्यासक ते वाजवायला शिकलाच पाहिजे. कुबिकचा अनुभव म्हणजे या आग्रहाला मिळालेला सबळ पुरावाच. दूर बसून ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला ही गुंफण सोडवता आली नसती.

युरोपातील रचनाकारांवरही आफ्रिकी संगीताच्या अशा अभ्यासाचा परिणाम झाला. हंगेरीत शिकलेल्या ग्यॉर्गी लिगेटीच्या १९८५ च्या पियानो एत्युदांमागे सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेच्या लयविचाराचा प्रभाव आहे. पण लिगेटीपर्यंत हा विचार संशोधकांच्या लेखांतून आणि ध्वनिमुद्रणांतून पोहोचला. युगांडाच्या रचनाकारांपुढचा प्रश्न निराळा होता. लहानपणापासून कानावर पडलेले संगीत पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या हातांनी कसे लिहायचे, हा तो प्रश्न.

देवळातले गाणे

या प्रश्नाला प्रथम तोंड फुटले ते चर्चमध्ये. १८७७ साली इंग्लंडचे प्रोटेस्टंट आणि १८७९ साली फ्रेंच कॅथलिक मिशनरी बुगांडात आले. ढोल आणि नृत्य त्यांना मूर्तिपूजेशी जोडलेले वाटले, म्हणून प्रार्थनेतून त्यांना वगळण्यात आले. युरोपीय स्तोत्रांच्या चालींवर लुगांडा शब्द बसवले गेले. ज्या भाषेत स्वराच्या उंचीवर अर्थ ठरतो, तिच्यावर परकी चाल लादली की शब्दांचे उच्चार वाकतात आणि काही ठिकाणी अर्थही बिघडतो.

क्यागाम्बिद्वाने युगांडाच्या हुतात्म्यांवर रचलेली संगीतिका या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. १८८५ ते १८८७ या काळात कबाका म्वांगा याच्या आज्ञेने मारल्या गेलेल्या बावीस कॅथलिक हुतात्म्यांना पोप सहावे पॉल यांनी १८ ऑक्टोबर १९६४ रोजी संतपद दिले. त्या निमित्ताने ही रचना रोममध्ये सादर झाली. समूहगानाचे मोठे रूप युरोपीय, तर चाल लुगांडा शब्दांच्या चढ-उताराला धरून आणि लय किगांडा, असा हा मेळ होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) प्रार्थनेत देशी भाषांना वाट मोकळी करून दिल्यावर अशा रचनांना आणखी वाव मिळाला.

चौघांच्या तंतुवाद्यांवर बुगांडा

जागतिक पातळीवर युगांडाच्या आधुनिक रचनेची ओळख झाली ती जस्टिनियन तमुसुझा या रचनाकारामुळे. १९५१ साली जन्मलेल्या तमुसुझा यांनी लहानपणी गावातच किगांडा गायन-वादनाचे धडे घेतले. पुढे उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात ते शिकले. तेथे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले रचनाकार केव्हिन व्होलान्स त्यांचे शिक्षक होते. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि मकेरेरे विद्यापीठात अध्यापन केले.

'मु कुबो एर्योमुसालाबा' म्हणजे 'क्रुसाच्या वाटेवर' ही त्यांची दोन व्हायोलिन, व्हायोला आणि सेलो यांच्यासाठीची रचना. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनोस क्वार्टेटने तिचा पहिला भाग 'एकिटुंडु एकिसोका' या नावाने १९९२ च्या 'पीसेस ऑफ आफ्रिका' या संग्रहात घेतला. आफ्रिकी रचनाकारांच्या कृतींना वाहिलेल्या या संग्रहाने अमेरिकेत अभिजात आणि जागतिक संगीत या दोन्ही याद्यांत अग्रस्थान मिळवले आणि तमुसुझा यांचे नाव जगभर पोहोचले.

या रचनेत बुगांडाचे वाद्य एकही नाही. आफ्रिकी रंग भरण्यासाठी ढोल आणलेला नाही. जे आहे ते रचनेच्या आत आहे. लहान स्वरसमूह पुन्हा पुन्हा येतात, पण प्रत्येक आवर्तनात किंचित बदलून येतात. एका वाद्याच्या दोन ठोक्यांमधली मोकळी जागा दुसरे वाद्य भरते. पाच स्वरांची चौकट आणि बाकिसिम्बा या नृत्याची लय यांवर सारा डोलारा उभा आहे. चार वादकांपैकी कोणाकडेही संपूर्ण चाल नसते. ती चौघांच्या मेळातून श्रोत्याच्या कानात तयार होते. अमादिंडाचे हेच मर्म होते.

चार्ल्स ल्वांगा या युगांडाच्याच रचनाकार-संशोधकाने या रचनेच्या पहिल्या भागावर विस्तृत विश्लेषण लिहिले आहे. रचनाशास्त्र आणि परंपरेचा अभ्यास या दोहोंना जोडणारा पूल, या अंगाने त्याने तिचा विचार केला. रचनाकाराने जे नकळत, कानाच्या संस्कारातून केले असेल, ते अभ्यासकाने उलगडून दाखवावे आणि पुढच्या रचनाकाराला त्याचा उपयोग व्हावा, असे हे चक्र आहे.

'सर्जनशील संशोधन' म्हणजे काय?

या कार्यपद्धतीला सिद्धांताचे रूप दिले ते नायजेरियाचे रचनाकार अकिन युबा (१९३५-२०२०) यांनी. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या युबा यांनी 'क्रिएटिव्ह एथ्नोम्युझिकॉलॉजी' ही संज्ञा रूढ केली. निरनिराळ्या समाजांच्या संगीताचा त्यांच्या जीवनासह अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे एथ्नोम्युझिकॉलॉजी. त्या अभ्यासातून हाती आलेल्या सामग्रीचे रूपांतर नव्या रचनेत करणे हा युबा यांच्या संज्ञेचा आशय. युगांडाच्या अनेक अभ्यासकांनी याच विद्यापीठात शिक्षण घेतले.

प्रत्यक्षात हे काम टप्प्याटप्प्याने चालते. पहिला टप्पा गावातला. रचनाकार जाणत्या वादकाकडे राहतो, त्याच्या सोयीने शिकतो, प्रसंग पाहतो. लग्न, जुळ्यांच्या जन्माचा विधी, मृत्यूनंतरचा वारस नेमण्याचा विधी यांत कोणते गाणे कोठे आणि का येते हे त्याला कळते. दुसरा टप्पा नोंदीचा. एकत्र वाजणाऱ्या गुंफणीचे ध्वनिमुद्रण पुरेसे नसते. प्रत्येक वादकाचा भाग सुटा मुद्रित करावा लागतो, नाही तर कोणता ठोका कोणाचा हे ठरवता येत नाही. तिसरा टप्पा लिपीचा. युरोपीय स्वरलिपीतील मात्रांच्या खुणा एका प्रबळ तालाची कल्पना गृहीत धरतात. अमादिंडाच्या दोन्ही वादकांना मात्र आपापला ठोका हाच मुख्य वाटतो. म्हणून अनेक अभ्यासक अंकलिपी वापरतात आणि पाच स्वरांना एक ते पाच अंक देतात. चौथा टप्पा रचनेचा आणि पाचवा, बहुधा विसरला जाणारा, परत जाण्याचा. तयार झालेली कृती ज्यांच्याकडून शिकलो त्यांना ऐकवणे आणि त्यांचे मत घेणे.

या साऱ्यात गाण्याभोवतीचे जीवन सुटले तर काय हरवते, हे सिल्व्हिया नान्योंगा-तमुसुझा यांच्या संशोधनातून दिसते. त्यांचा 'बाकिसिम्बा' हा ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध झाला. या नृत्याचे नाव केळीच्या लागवडीशी जोडले जाते. केळीच्या मद्याने खूश झालेल्या राजाने 'ज्यांनी ती लावली' त्यांची वाखाणणी केली, अशी आख्यायिका सांगतात. ढोल पुरुषांनी वाजवायचा आणि स्त्रियांनी त्याला हात लावायचा नाही, असा संकेत होता. शाळांच्या संगीत स्पर्धांतून मुली ढोल वाजवू लागल्या आणि संकेत ढिला झाला. दरबार, खेडे, चर्च आणि शाळा या ठिकाणी एकाच नृत्यातून स्त्री-पुरुषांच्या भूमिका कशा घडतात आणि बदलतात, याचा त्यांनी मागोवा घेतला आहे. बाकिसिम्बाची लय उचलणाऱ्या रचनाकाराच्या हाती लयीसोबत हा सारा इतिहासही येत असतो.

भोपळ्याच्या बियांपासून

संशोधनातून नवी रचना जशी घडते, तशी जुनी परंपराही पुन्हा उभी राहू शकते. बुसोगातील बिग्वाला हे त्याचे उदाहरण. बिग्वाला म्हणजे भोपळ्याच्या तुताऱ्या. त्या निदान पाच असतात आणि प्रत्येकीतून एकच स्वर निघतो. वादक पाळीपाळीने फुंकतात आणि एकेक स्वर जोडून चाल तयार होते. राज्याभिषेक आणि राजाची अंत्ययात्रा हे त्यांचे मुख्य प्रसंग. राजेशाही रद्द झाल्यावर हे प्रसंगच उरले नाहीत. युनेस्कोने २०१२ साली तातडीने जतन करण्याच्या वारशाच्या यादीत बिग्वालाचा समावेश केला, तेव्हा बनवणे, वाजवणे आणि नाचणे जाणणारे अवघे चार वृद्ध उरले होते.

क्याम्बोगो विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स इसाबिरये यांच्या पुढाकाराने जे पुनरुज्जीवन झाले त्याची सुरुवात शेतातून करावी लागली. तुतारीला लागणारे लांब भोपळे पिकवण्यापासून काम सुरू झाले. मग वृद्धांनी तरुणांना तुतारी बनवायला आणि वाजवायला शिकवले. इसाबिरये यांनी पुढे एन्टेंगाकडेही लक्ष वळवले. दरबारी ढोलवादनाची माहिती असलेला जुना वादक हाताशी असताना नव्या मुलांना शिकवणे ही वेळेशी स्पर्धा होती.

बुसोगातीलच एम्बाइरे हे वाद्य आज निराळ्या वाटेने जगापुढे आले आहे. जमिनीत खड्डा खणून त्यावर मोठ्या लाकडी पट्ट्या मांडतात आणि अनेक जण मिळून ते वाजवतात. खड्ड्यामुळे आवाज घुमतो. नाकिबेम्बे गावाच्या वादकांचा संग्रह कंपालाच्या 'न्येगे न्येगे टेप्स' या संस्थेने २०२३ मध्ये प्रकाशित केला. त्यातील काही भागांत इंडोनेशियाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतकारांची साथ आहे. येथे विद्यापीठीय संशोधन नाही, पण गावात जाऊन वादकांसोबत काम करणे आणि त्यांचे नाव मुखपृष्ठावर असणे या दोन गोष्टी आहेत.

हिशेब कोणाच्या नावावर?

या साऱ्या वाटचालीत काही प्रश्न सुटलेले नाहीत.

पहिला प्रश्न श्रेयाचा. मैफलीच्या पत्रिकेवर रचनाकाराचे नाव छापले जाते आणि स्वामित्वधन त्याला मिळते. ज्या वादकाने गत शिकवली तो बहुधा 'पारंपरिक' या एका शब्दात मावतो. परंतु परंपरेतील गती कोणी तरी घडवलेल्या असतात आणि प्रत्येक वादक त्यांत आपली भर घालतो. मुयिंडासारख्या वादकाला केवळ 'माहिती देणारा' म्हणणे हा अन्यायच.

दुसरा प्रश्न स्वरांचा. व्हायोलिनसारख्या वाद्यावर वादक बोट थोडे सरकवून किगांडा स्वराच्या जवळ जाऊ शकतो. पियानोवर ते शक्य नाही. पियानोसाठी लिहिताना रचनाकाराला स्वर सोडून लय आणि गुंफण यांवरच भर द्यावा लागतो. जे सुटते त्याची जाणीव रचनाकाराला असली तरी ऐकणाऱ्याला ती असेलच असे नाही आणि पुढच्या पिढीच्या कानाला पियानोचाच स्वर मूळचा वाटू लागण्याचा धोका राहतो.

तिसरा प्रश्न ठेव्याच्या ठिकाणाचा. वाक्समानची ध्वनिमुद्रणे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत होती. कंपालातील विद्यार्थ्याला आपल्या आजोबांच्या गावचे गाणे ऐकायचे तर लंडनला जावे लागे. नान्योंगा-तमुसुझा यांच्या प्रयत्नांतून मकेरेरे विद्यापीठात वाक्समानच्याच नावाने संगीत-संग्रहालय उभे राहिले आणि मुद्रणांच्या डिजिटल प्रती युगांडात परत आल्या. ज्या विद्यापीठात संगीत, नृत्य आणि नाट्य विभाग १९७१ पासून आहे, तेथे आता विद्यार्थ्याला जुने मुद्रण आणि नवी रचना एकाच छताखाली उपलब्ध झाली आहे.

मुद्रण परत आले तरी ते वाजवून दाखवणारा हात लागतोच. एन्टेंगाच्या मुद्रणात बारा ढोलांचे स्वर ऐकू येतात. चौघांपैकी कोणता ठोका कोणाचा, हात कोठून वळवायचा आणि कातडे कधी उन्हात धरायचे हे त्यात नसते. ते सांगणारे वादक हयात आहेत तोवरच रचनाकाराला विचारता येईल असे प्रश्न बरेच शिल्लक आहेत आणि युगांडातील तरुण अभ्यासकांपुढील सर्वांत तातडीचे काम तेच आहे.

चौकट : वाद्यपरिचय

अमादिंडा : बारा लाकडी पट्ट्या, तीन वादक. केळीच्या सोटांवर मांडणी.

अकादिंडा : बावीस पट्ट्या, सहा वादक. राजदरबाराचे वाद्य.

एन्टेंगा : पंधरा ढोल, सहा वादक. त्यांपैकी बारा ढोल स्वरात लावलेले.

एन्नांगा : धनुष्याकृती दांड्याची आठ तारांची वीणा. गायकाच्या साथीला.

एन्डोंगो : आठ तारांचे, वाडग्याच्या आकाराचे तंतुवाद्य. लग्नसमारंभात विशेष मान.

एन्डिंगिदी : एका तारेचे, गजाने वाजवायचे वाद्य.

एम्बाइरे : बुसोगातील मोठ्या लाकडी पट्ट्यांचे, अनेकांनी मिळून वाजवायचे वाद्य.

बिग्वाला : बुसोगातील भोपळ्याच्या तुताऱ्यांचा संच. २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत.